घरी सीएनसी प्लाझ्मा टेबल बांधताय? आधी पाण्याचा ट्रे समजून घ्या



बीबीएफ पेरणी यंत्राच्या प्लेटा, ब्रॅकेट गावातच कापायला हे टेबल कामाचं. पत्र्याखालचं पाणी ठिणग्या विझवतं, बराचसा धूर धरतं, पत्राही कमी वाकतो. पण एवढं पाळा:

१) ८ बाय ४ फुटी ट्रेत ४ इंच पाणी म्हणजे सुमारे ३०० लिटर, म्हणजेच ३०० किलो वजन. सांगाडा तेवढा मजबूत करा. आपला धाराशिव दुष्काळी; पाणी रोज बदलू नका, कमी झालेलं तेवढंच भरा.

२) टेबलाला पक्की अर्थिंग द्या. ओल्या हाताने टॉर्च धरू नका.

३) ⚠️ ॲल्युमिनियम या ट्रेवर कापूच नका. त्याच्या वितळलेल्या गाळाने पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो, पत्र्याखाली साठतो आणि ठिणगी पडली की स्फोट होतो.

४) जीआय पत्र्याचा सगळा धूर पाणी धरत नाही. शेड मोकळी ठेवा. रात्री थंडी-ताप आला तर डॉक्टरांना धुराचं आवर्जून सांगा.

५) ट्रेतलं गाळपाणी वावरात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदात टाकू नका.

शंका असली तर ट्रे भरायच्या आधी विचारा, नंतर नको.

– आपला कृषी सल्लागार