वाळवंटी धूळ आणि मृगाचा पाऊस

अंबड तालुक्यात मृग नक्षत्राच्या आगेमागे आभाळ पुष्कळदा मातकट दिसते व सूर्यबिंब फिकट भासते. असे आभाळ पाहून कोणी पाऊस जवळ आला असे मानतो, तर कोणी धुळीने ढग मारले असे म्हणतो. अशा तर्कावर विसंबून केलेली पेरणी फसल्यास बियाणे व खत वाया जाते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. म्हणून धूळ व पाऊस यांचा संबंध नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

धूळ येते कोठून?

नांगरलेल्या रानातून उडणारी जाड माती थोड्याच वेळात खाली बसते. अतिसूक्ष्म कण मात्र उंच चढून अनेक दिवस तरंगत राहतात. अरबस्तान, इराक, सिंध व थर येथील वाळवंटांतील अशी धूळ वाऱ्याबरोबर शेकडो कोस प्रवास करते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबई व आसपासचा प्रदेश झाकोळून गेला होता. तो काळ पावसाळ्याचा नव्हता. परंतु वाळवंटी धूळ महाराष्ट्रापर्यंत पोहोचते, याचा तो प्रत्यक्ष दाखला होय.

ढगातील धुळीचे कार्य

दव जमण्यास जसे गवताचे पाते लागते, तसा हवेतील वाफेचा थेंब होण्यास एखाद्या सूक्ष्म कणाचा आधार लागतो. समुद्राच्या मिठाचा कण पाणी चटकन ओढतो. कोरडी धूळ तितक्या सहज ओढत नाही. पण प्रवासात तिच्यावर क्षारांचे पुट चढले म्हणजे तीही हे कार्य करू लागते.

ढगातील थेंबुकला सुमारे ०.०२ मिलिमीटर जाडीचा असतो. असे सुमारे दहा लाख थेंबुकले एकत्र येतात, तेव्हा पावसाचा २ मिलिमीटरचा एक थेंब होतो. मोठे कण थोडे असल्यास थेंबुकले लवकर वाढतात व एकमेकांस मिळतात. बारीक कण फार झाल्यास तीच वाफ सर्वांत वाटली जाते. घरात भाकरी तेवढीच आणि खाणारे वाढले, तर कोणाचेच पोट भरत नाही. त्यातलाच हा प्रकार. अशा ढगातून पाऊस उशिरा पडतो किंवा ढग न बरसताच विरतो. उलट, फार उंच ढगांत धुळीचे कण बर्फ धरण्यास मदत करतात व त्यामुळे पावसास चालना मिळू शकते. सारांश, धूळ ही सर्वस्वी मित्र नव्हे व सर्वस्वी शत्रूही नव्हे.

धूळ आणि मोसमी वारे

धूळ सूर्याची उष्णता शोषून हवा तापविते. व्ही. विनोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अरबी समुद्र व पश्चिम आशियावरील धूळ वाढल्यावर सुमारे आठवडाभरात मध्य भारतातील पाऊस वाढतो. तापलेल्या हवेमुळे समुद्रावरून भारताकडे येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांना जोर चढतो, हे त्याचे कारण होय.

तथापि हा निष्कर्ष विस्तीर्ण प्रदेशाचा आहे. एका शिवाराचा नव्हे. अंबड हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून येथील पाऊस बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवरही अवलंबून असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळल्या. अशा संकटाचे खापर एकट्या धुळीवर फोडता येत नाही.

शेतकऱ्याने काय करावे?

१. मातकट आभाळ किंवा वळवाची एखादी सर पाहून कोरडवाहू पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वापसा येताच पेरणी करावी.

२. गावात पर्जन्यमापक नसल्यास सरळ कडांचा, सपाट तळाचा डबा उघड्या जागी पक्का बसवावा. रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पाणी मोजून डबा रिकामा करावा. आकडे वहीत नोंदवून त्यांची बेरीज ठेवावी.

३. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने तो चावडीवर वाचून दाखवावा.

४. पिकांची धसकटे व काडीकचरा जाळू नये. त्या धुराने हवेतील बारीक कण वाढतात व जमिनीचा कसही जातो. बांधावर झाडे लावल्यास रानातील माती वाऱ्याने उडण्याचे प्रमाण कमी होते.

दूरच्या वाळवंटातील धूळ अडविणे कोणाच्या हाती नाही. तिफण केव्हा धरावी, हे मात्र शेतकऱ्याच्या हाती आहे. तो निर्णय आभाळाच्या रंगावर नव्हे, तर मोजलेल्या पावसावर व जमिनीतील ओलीवर घ्यावा.