भाद्रपदातील कलमखरेदी : शाळा व ग्रामपंचायतींसाठी काही सूचना

मृग नक्षत्राच्या सुमारास रोपवाटिकांतून रोपे घेण्यासाठी जी झुंबड उडते, ती भाद्रपद लागेपर्यंत पुष्कळशी ओसरलेली असते. पितृपक्षात नवी खरेदी करू नये अशी समजूत असल्याने त्या पंधरवड्यात तर रोपवाटिका अगदीच निवांत असतात. समजूत पाळावयाची असेल त्यांनी पैसे घटस्थापनेनंतर द्यावेत. परंतु रोपे पाहून ठेवण्यास याहून चांगला काळ नाही. मालकास बोलण्यास सवड असते, माळ्यास रोप उचलून दाखविण्यास वेळ असतो, आणि मुख्य म्हणजे समोरचे रोप तीन महिन्यांच्या पावसातून गेलेले असते. ज्याची मुळे कुजावयाची ती कुजलेली असतात आणि ज्याचा जोड सुटावयाचा तो बहुधा सुटलेला असतो.

फळझाडांच्या कलमाची अडचण अशी की, त्यातील खोट त्याच दिवशी दिसत नाही. बियाणे वाईट निघाल्यास आठ-दहा दिवसांत कळते. कलम वाईट निघाल्यास पाच-सात वर्षांनी. प्रस्तुत लेखकाच्या माहितीतील एका शाळेने आवारात हापूसची बारा कलमे लावली होती. मुलांनी ओंजळीओंजळीने पाणी घालून ती वाढविली. सातव्या वर्षी मोहोर आला, फळ धरले, आणि बारापैकी पाच झाडांचे आंबे आंबट रायवळ निघाले. वरची हापूसची काडी केव्हाच मरून गेली होती आणि खालचा खुंटच फुटून झाड झाला होता. तोवर खरेदी करणारे मुख्याध्यापक निवृत्त झाले होते, व पाणी घालणारी मुले गाव सोडून गेली होती. तक्रार कोणाकडे करावयाची?

म्हणून कलम पाहताना प्रथम पाने न पाहता जोड पाहावा. जोडाच्या जागी खुंट व काडी यांची जाडी सारखी असावी, तेथे फट किंवा डिंक नसावा. बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी खोडात रुतली असल्यास ते कलम घेऊ नये. जोडाच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची होय. ती वेळच्या वेळी काढणारा रोपवाटिकाधारक काळजीचा समजावा. वरील काडीवर निदान एकदा तरी नवी पालवी येऊन पक्व झालेली असावी. कोवळी तांबूस पालवी मनास मोहविते, पण तशा अवस्थेत कलम हलविल्यास ती बहुधा गळते.

त्यानंतर पिशवी उचलून तिचा तळ पाहावा. सोटमूळ पिशवी फोडून जमिनीत उतरले असेल, तर उचलताना ते तुटते आणि हिरवेगार दिसणारे कलम चार दिवसांत माना टाकते. मागील हंगामातील उरलेली मोठी रोपे या दिवसांत स्वस्त मिळतात. उंची पाहून ग्राहक खूश होतो; परंतु लहान पिशवीत दीर्घकाळ राहिलेल्या रोपाच्या मुळ्या आत वेटोळे घालतात व लागवडीनंतरही झाड पुढे सरकत नाही. साधारण एक वर्ष वयाचे, ताठ व मध्यम उंचीचे कलम अधिक भरवशाचे. खरेदी समितीने दहा कलमे निवडली, तर एक पिशवी मालकाच्या संमतीने फाडून मुळ्या अवश्य पाहाव्यात. एका कलमाची किंमत त्यासाठी गेली तरी ती वाया गेली असे नव्हे.

विदर्भात संत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजनाघाट परिसर संत्रा कलमांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरतात. हा डोळा जमिनीपासून निदान नऊ इंच उंचीवर भरलेला असावा. तो फार खाली असल्यास पावसाळ्यात ओल्या मातीशी त्याचा संबंध येतो आणि डिंक्या रोगास वाट मिळते. कोकणात नारळाचे रोप घ्यावयाचे असल्यास उंचीपेक्षा बुंधा पाहावा. वर्षभराच्या रोपास सहा पाने व बुंध्याचा घेर सुमारे दहा सेंटिमीटर असावा.

हे सर्व डोळ्यांनी पाहता येते. जात मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही. तेथे कागदच हवा. राज्यात १९६९ च्या अधिनियमान्वये फळझाडांच्या रोपवाटिकांना परवाना घ्यावा लागतो, आणि खुंट व काडी कोठून घेतली याची नोंद ठेवणे हे परवानाधारकाचे काम आहे. ती नोंद पाहावयास मागण्यात संकोच बाळगू नये. शक्य तेथे मातृवृक्षच पाहून यावे. कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत ही सोय सहज होते. पावतीवर केवळ ‘आंबा कलमे, नग २५’ असे न लिहून घेता जातीचे नाव, खुंट, वय व परवाना क्रमांक लिहून घ्यावा. तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराचे स्वीकारण्याची आपली पद्धत खडू-फळ्यांसाठी ठीक आहे. कलमांसाठी दरपत्रकातच जात, वय व जोडाची स्थिती नमूद केली नाही, तर कमी दर म्हणजे बहुधा कमी प्रतीचा माल ठरतो.

किती कलमे घ्यावीत, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. आंब्याची दोन झाडे दहा मीटर अंतरावर लावावयाची म्हटली तर एका झाडास जवळजवळ एक गुंठा जागा लागते. मग पाण्याचा हिशेब. पन्नास कलमांना आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी दिले, तर आठवड्यास एक हजार लिटर होतात. डिसेंबरपासून मृगापर्यंतच्या सत्तावीस आठवड्यांत सत्तावीस हजार लिटर. हे पाणी कोठून येणार, आणि मे महिन्यात शाळा बंद असताना ते कोण घालणार, याचे उत्तर ठरावात लिहिता येत नसेल, तर पन्नासऐवजी दहाच कलमे घ्यावीत. कलमांचा आकडा अहवालात शोभतो हे खरे, पण झाड अहवालात वाढत नाही.

कलमांबरोबर घ्यावयाच्या इतर वस्तूंत शेणखताबाबत फसगत अधिक होते. ढिगात हात घातला असता ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते कुजलेले नाही. अशा खताबरोबर हुमणी आणि वाळवी येते. परसबागेसाठी मेथी, पालक, मुळा, गाजर यांचे बी याच सुमारास घ्यावे; पाकिटावरील उगवणशक्ती, परीक्षणाची तारीख व वापराची अखेरची मुदत वाचावी. प्रमाणित बियाण्यास निळी खूणचिठ्ठी असते. शेवंती घेताना उमललेल्या फुलांची कुंडी न घेता कळ्यांनी भरलेली घ्यावी, म्हणजे फुले आपल्या अंगणात पाहावयास मिळतात.

कलमे वाहनातून आणताना उन्हाची वेळ टाळावी, वर ओले गोणपाट धरावे, आणि उचलताना खोडास न धरता पिशवीच्या तळास हात द्यावा. आल्यावर आठ-दहा दिवस झाडाच्या विरळ सावलीत ठेवून मग लागवड करावी. पिशवी फाडूनच काढावी, आणि जोड मातीच्या वर राहील असे पाहावे. शेजारी काठी रोवून सैल बांधावे. पिशवीस बांधलेली चिठ्ठी वर्षभरात गळून जाते. म्हणून आवाराचा साधा नकाशा काढून प्रत्येक खड्ड्यास क्रमांक द्यावा, त्यापुढे जात व लागवडीची तारीख लिहावी, आणि तो कागद पावतीसह साठा नोंदवहीत चिकटवून ठेवावा.