माहितीपासून सवयीपर्यंत : महासाथीच्या काळातील आरोग्यसेवकांची संसर्ग-दक्षता

प्रास्ताविक

रुग्णसेवेची आकडेवारी आणि जमाखर्चाचे विवरण या अहवालात अन्यत्र दिलेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तक्त्यात न बसणारा, तरीही प्रत्येक तक्त्यामागे उभा असलेला आहे. रुग्णाला स्पर्श करणारा हात स्वच्छ होता की नाही, हा तो विषय होय. कोविडच्या महासाथीने हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयासमोर आणि प्रत्येक आरोग्य उपकेंद्रासमोर उभा केला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्या साथीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु साथीने शिकविलेला पाठ आणीबाणीबरोबर संपू नये, या हेतूने आम्ही विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर हे विवेचन ठेवीत आहोत.

आपला परिसर व साथीचे स्वरूप

प्रतापगड हे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गाव. महाशिवरात्रीला येथे महादेवाच्या दर्शनासाठी मोठी यात्रा भरते आणि येथील दर्ग्यावरही भाविकांची रीघ लागते. जवळच गोठणगाव येथे तिबेटी बांधवांची वसाहत आहे. भोवताली धानाची शेती, तलाव आणि जंगल. रोवणीच्या दिवसांत एका बांधीत अनेक घरांतील बायाबापड्या खांद्याला खांदा लावून राबतात. माणसे एकमेकांच्या इतक्या निकट राहतात, तेव्हा श्वासावाटे पसरणारा रोग फार काळ दूर राहू शकत नाही.

सन २०२० ची महाशिवरात्र २१ फेब्रुवारीस होती. महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले आणि ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने या रोगास महासाथ म्हटले. पुढील वर्षीची महाशिवरात्र नेमकी ११ मार्च २०२१ रोजी आली, तेव्हा राज्यात दुसरी लाट चढत होती. यात्रा, बाजार, लग्नसराई यांनी बांधलेल्या अशा भागात साथ रोखण्याचा भार डॉक्टरांइतकाच आशाताई, परिचारिका, अंगणवाडीसेविका, रुग्णवाहिकाचालक आणि आपण ज्यांना ‘मावशी’ व ‘मामा’ म्हणून हाक मारतो त्या वॉर्डातील सेवकांवर पडला. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी जाऊन ताप व प्राणवायूची पातळी मोजण्यात आली. दार ठोठावणाऱ्या प्रत्येक हाताला रोगाचा धोका होता, आणि त्या हाताकडून पुढच्या घरालाही.

इतिहासातील दोन दाखले

१० मार्च १८९७ रोजी प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच ओळखला गेला होता, परंतु उंदरांवरील पिसवांमधून तो माणसापर्यंत पोहोचतो हे १८९८ मध्ये पुढे आले. सेवेचे धैर्य होते. बचावाचे ज्ञान अद्याप यायचे होते. आज ज्ञान उपलब्ध असताना सेवकाला केवळ धैर्याच्या भरवशावर रोग्यापाशी पाठविणे कोणत्याही संस्थेस शोभणार नाही.

दुसरा दाखला व्हिएन्नाचा. तेथील प्रसूतिगृहाच्या एका विभागात १८४६ मध्ये शेकडा ११ हून अधिक माता दगावत होत्या. डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि १८४८ मध्ये हे प्रमाण शेकडा दीडहूनही खाली आले. तरीही त्यांच्या अनेक समकालीनांनी हा नियम स्वीकारला नाही. आपल्या ओळखीची ब्लीचिंग पावडर म्हणजे तोच क्लोरीनयुक्त चुना. औषध जुने आहे, स्वस्त आहे. दुर्मीळ आहे ती सवय.

माहिती आणि आचरण यांतील अंतर

मुखपट्टी का वापरावी, हात केव्हा धुवावेत, हे साथीच्या काही आठवड्यांतच बहुतेक आरोग्यसेवकांना ठाऊक झाले. मात्र ठाऊक असणे व हातून घडणे यांत अंतर असते. या अंतराची कारणे आम्हांस पुढीलप्रमाणे दिसतात.

१. भीतीची दिशा. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत : रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, सुई-सलाईनसारख्या निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, रुग्णास स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तू हाताळल्यानंतर. पहिले दोन मुख्यतः रुग्णाला वाचवितात. उरलेले तीन सेवकाला आणि इतरांना. साथीची भीती ‘नंतरचे’ हात आपोआप धुवून घेते. ‘आधीचे’ हात धुण्यास भीती पुरत नाही, तेथे कर्तव्यबुद्धी लागते.

२. हातमोज्यांचा खोटा दिलासा. एकाच हातमोज्यांनी चार खाटांवर फिरणारा सेवक स्वतः सुरक्षित राहिला तरी चौथ्या रुग्णापर्यंत पहिल्याचा जंतू पोहोचवितो. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे.

३. पोशाख उतरवितानाचा धोका. २०२० च्या आरंभी संरक्षक पोशाखाचे देशी उत्पादन जवळजवळ नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ते दररोज साडेचार लाखांवर गेले. पोशाख मिळाला, पण विदर्भातील एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो तासन् तास अंगावर ठेवल्यानंतर थकलेल्या माणसाला तो ओढून काढण्याची घाई होते. खरा धोका याच क्षणी असतो. दूषित हातमोजे आधी, मुखपट्टी सर्वांत शेवटी आणि प्रत्येक टप्प्यास हातांची स्वच्छता, हा क्रम पाळण्यासाठी समोर एक निरीक्षक उभा असावा लागतो.

४. बदलते ज्ञान. आरंभी सर्वांचे लक्ष पृष्ठभाग पुसण्याकडे होते. पुढे बंद, कोंदट खोलीतील हवेतून होणाऱ्या प्रसाराचे महत्त्व उमगले. झडप असलेली मुखपट्टी उच्छ्वास गाळत नाही, म्हणून तिच्या वापराविरुद्ध केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये सूचना दिली. एकदा घेतलेले प्रशिक्षण जन्मभर पुरत नाही.

५. सोयीचा अभाव. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद व अल्कोहोलयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद लागतात. नळ वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि उन्हाळ्यात टाकी कोरडी पडत असेल, तर उपदेश व्यर्थ होय. खाटेपाशी ठेवलेली द्रवाची बाटली दहा फलकांचे काम करते.

सवय कशी जडते

या बाबतीत शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण मार्गदर्शक आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच महिलांना आरोग्यदूत म्हणून नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले. बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुणे, बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे अशा अनेक गोष्टींचा त्यात समावेश होता. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्पशिक्षित महिलाही काटेकोर शिस्त पाळू शकतात, हे यातून सिद्ध झाले. त्यासाठी प्रत्यक्ष हाताने करवून घेतलेला सराव, नियमित देखरेख आणि कामाविषयीचा आदर आवश्यक असतो.

यावरून रुग्णालयासाठी काही सूत्रे निघतात. प्रशिक्षण मावशी-मामांपासून सुरू व्हावे, कारण लादी, चादर व कचरा त्यांच्या हाती असतो. पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांप्रमाणे कचऱ्याची विभागणी २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. सुई चुकीच्या पिशवीत पडली तर ती टोचते सफाई कामगारालाच. वरिष्ठ डॉक्टरांनी फेरीत स्वतः हात धुवावेत. कनिष्ठ ते पाहूनच शिकतात. ‘सिस्टर, हात धुतलेत का?’ असे विचारणाऱ्या रुग्णावर कोणी रागावू नये. आणि आजारी सेवकाला वेतन न कापता रजा मिळावी, म्हणजे तो खोकला लपवून कामावर येणार नाही.

नातेवाईकांना व देणगीदारांना विनंती

नातेवाईकांनी रुग्णाजवळ एकाच व्यक्तीने थांबावे, येता-जाता हात धुवावेत, सर्दी-खोकला असल्यास भेटीस येऊ नये आणि खिडक्या उघड्या ठेवू द्याव्यात. आपुलकीने दहा जणांनी केलेली गर्दी रुग्णास औषधाइतकी लाभत नाही.

देणगीदारांस नम्र निवेदन असे की, यंत्रावर नाव कोरता येते, नळावर कोरता येत नाही. तरीही पाण्याची टाकी, कोपराने उघडणारे नळ, साबण, मोठ्या खिडक्या आणि प्रशिक्षणाचे दिवस यांसाठी दिलेली देणगी जे आजार टाळते, त्यांची नोंद कोठेही होत नाही. आपल्या धर्मादाय परंपरेत पाणपोई घालणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नसे. तहान भागे, एवढे पुरे होते. रुग्णालयातील नळही तशीच एक पाणपोई आहे.

महासाथीत आपल्या देशातील आशा कार्यकर्तींच्या कार्याचा जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये गौरव केला. त्या गौरवाचा खरा मान राखावयाचा तर पुढच्या साथीपूर्वी त्यांच्या आणि सर्व आरोग्यसेवकांच्या हाती साबण, पाणी, मुखपट्टी आणि सराव असला पाहिजे. साथ सांगून येत नाही. सवय मात्र आजच लावता येते. या कामी आपले सहकार्य पूर्वीप्रमाणेच लाभावे, ही विनंती.