परक्या गावात करमेल का?

परदेशातल्या एखाद्या खेड्यात जाऊन विनामोबदला शिकवावं, असं आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या काही मुलामुलींना हल्ली वाटतं. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडे करमेल का?" प्रश्न रास्त आहे. अशा वेळी अनुताई वाघांचं उदाहरण जरूर सांगा.

मोरगावला १९१० साली जन्मलेल्या अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडकांबरोबर काम करायला बोर्डीला गेल्या. परदेश नव्हे, पण वारली पाड्यांवरची बोली, तिथलं दारिद्र्य, सगळंच वेगळं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात. (अंगणवाडीची कल्पना ताराबाईंनी रुजवली ती अशी.) मला वाटतं, परक्या जागी जीव रमतो तो तिथल्या माणसांच्या दारात गेल्यावर. रोज रात्री घरी व्हिडिओ कॉल करून नाही!

आता आपल्या चाकणकडे बघा. कंपन्यांतल्या कामासाठी मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली कुटुंबं, आणि शेवटच्या बाकावर गप्प बसलेलं त्यांचं मूल. त्यालाही करमत नसतं, फक्त ते बोलत नाही. "तुमच्याकडे पावसाला, आजीला काय म्हणतात?" असं विचारा. शब्द त्याच्याच हातानं फळ्यावर येऊ द्या. लिहिता येत नसेल तर चित्र चालेल. घरी गावाकडची बोली बंद करू नका, हे पालकांनाही सांगा.

परदेशी निघालेल्या आपल्या मुलांनी आधी दोन महिने, दर शनिवारी, अशा एका वर्गात शिकवून पाहावं.