तरवड लावायचा तर

दहिवडी, मे अखेर

चि. संजू,

नव्या घरापुढच्या जागेचे फोटो पाहिले. मुरमाड, जरा उताराची आणि दिवसभर उन्हात. नर्सरीवाल्याने लॉन आणि कडेला पिवळा कॉसमॉस सुचवलाय म्हणतोस. लॉनला एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागेल. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. एकदा आला की शेजारच्या माळावर हातपाय पसरतो. पिवळंच हवं असेल तर तरवड लाव. आपल्या माणदेशात कुणी न लावता, न राखता वाढतो, तोच.

बी मी पाठवतोय. पण रस्त्याकडेला झाड दिसलं तर ओळखता यायला हवं, कारण टाकळ्याच्या गोतावळ्यात पिवळ्या फुलांची झाडं पुष्कळ. पान जिथे फांदीला चिकटतं तिथे बघ. कानाच्या पाळीसारखी रुंद, हिरवी उपपानं असतात आणि ती लवकर गळत नाहीत. पानाच्या देठावर, समोरासमोरच्या दोन पानोळ्यांच्या मधे एकेक बारीक उभी गाठ असते. मुंग्या तिथे रेंगाळताना दिसतील. एवढं जुळलं की तरवडच.

बियांचं कवच फार टणक. भोक पडलेल्या बिया आधीच फेकून दे, त्या किडीने पोखरलेल्या असतात. बाकीच्या काचपेपरवर एका बाजूने जराशा घास, किंवा पाणी उकळून खाली उतरव, त्यात बी टाक आणि रात्रभर राहू दे. सकाळी फुगलेल्या बिया तेवढ्या पेर. न फुगलेल्यांना पुन्हा तोच उपचार. पेरणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, अर्धा इंच खोल, एका आळ्यात दोन-तीन बिया, आणि आळ्यांमध्ये चार-पाच फूट अंतर. जिथे पाणी साचतं ती जागा सोड. पिशवीत रोप करण्याचा मोह टाळलेला बरा. मूळ सरळ खाली जातं, पिशवीत ते गुंडाळलं की रोप पुढे रखडतं.

पहिल्या वर्षी पावसाने ताण दिला तर पाणी घाल, आणि पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांनी एकदा, पण मुरवून. त्यानंतर नळी गुंडाळून ठेव. ताईला शेणखत घालायची फार हौस, तिला इथे आवर. खतावर झाड नुसतं पाल्याने माजतं. शेंगा उतरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्या छाटल्यास तरी चालतं, बुडातून जोमाने फुटतो. न छाटलास तर माणसाच्या उंचीचं झुडूप होईल आणि जरा अस्ताव्यस्त दिसेल. मला तसाच आवडतो. तुमच्या सोसायटीत चालेल का ते तू बघ.

पावसाळ्यात एखाद्या आठवड्यात पानं कुरतडलेली दिसतील. हिरव्या अळ्या असतील. औषध मारू नकोस. फिकट पिवळसर-पांढरी एमिग्रंट फुलपाखरं तरवडाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात, या त्यांच्याच अळ्या. पाला पुन्हा येतो.

फुलाचा खरा बहर पावसाळा सरता सरता. नवरात्रात आपल्याकडे घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. शेजारी तेलंगणात बतुकम्माच्या सणाला फुलांची रास रचतात, तिच्यातही हे फूल असतं, आणि तिकडचं ते राज्यफूल आहे. सकाळी झुडपापाशी थोडा वेळ उभा राहा. या फुलात मध नसतो, तरी काळा मोठा भुंगा येतो. फुलाला धरून तो अंग असं थरथरवतो की आवाज एकदम चढतो, आणि पुंकेसरांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग त्याच्या पोटावर उडतात. हे दुर्बिणीशिवाय दिसतं.

गुरं या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच चराईच्या माळावर ते टिकलं. माणसांनी मात्र सोडलं नव्हतं. कातडी कमवायला याची साल सोलून नेत; दक्षिणेतल्या चामड्याच्या धंद्याची भिस्त पुष्कळ काळ तिच्यावर होती. पुढे आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली आणि तरवडाची मागणी घटली.

सगळं बी एकदम पेरू नकोस, निम्मं पुढच्या पावसाळ्यासाठी कोरड्या डबीत ठेव. आणि उरलेलं मागच्या टेकडीवर फेकायचा उत्साह नको. तिथल्या गवतात आधीच काय काय उगवतं ते एक पावसाळा नीट बघ, मग बोलू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा