पेढीची वही आणि संगणक

व्यापार म्हटला की हिशेब आला, आणि हिशेब म्हटला की वही आली. दिवाळीत वहीपूजन करण्याची चाल आपल्या व्यापारी वर्गात आजही पाळली जाते. तिच्यातील अर्थ विचार करण्याजोगा आहे. दुकानातील माल जळाला, तर तो पुन्हा भरता येतो. परंतु कोणाकडून किती येणे आणि कोणास किती देणे, ही नोंदच नष्ट झाली, तर पेढी सावरणे कठीण. म्हणूनच जुने मुनीम रोजकीर्द आणि खतावणी जिवापाड जपत असत. आज त्या वहीची जागा बहुतांशी संगणकाने घेतली आहे. ही नवी वही कशी सिद्ध झाली, तिचे स्वरूप आज कसे पालटत आहे आणि ती जपण्यासाठी कोणती दक्षता घ्यावी, याचा परिचय विद्यार्थ्यांस करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करू. संगणकाचा जो भाग हाताने चाचपता येतो, त्यास हार्डवेअर म्हणतात; आणि ज्या आज्ञांच्या मालिकेनुसार ते यंत्र काम करते, तिला सॉफ्टवेअर म्हणतात. रेल्वेचे उदाहरण घ्या. रूळ, इंजिने, डबे आणि स्थानके ही तिची यंत्रसामग्री होय. वेळापत्रक आणि सिग्नलचे नियम हे तिचे सॉफ्टवेअर होय. रूळ उत्तम असून नियम चुकले, तर अपघात होतो. नियम उत्तम असून रूळ उखडले, तरीही अपघातच होतो. व्यापाराच्या संगणक-व्यवस्थेतही या दोहोंचा असाच संबंध आहे.

चहाच्या कंपनीचे यंत्र

व्यापारी कामासाठी संगणक प्रथम कोणी वापरला असेल? एखाद्या बँकेने किंवा पोलादाच्या कारखान्याने, असे पुष्कळांस वाटेल. वस्तुतः हा मान लंडनच्या लायन्स या चहा-केक विकणाऱ्या कंपनीकडे जातो. तिची चहागृहे गावोगाव पसरली होती. प्रत्येक विक्री अल्प, नफा त्याहून अल्प, आणि हिशेबनिसांची फौज मात्र मोठी! कारकुनी खर्चच नफा खाऊन टाकील, ही धास्ती चालकांस वाटू लागली. तेव्हा त्यांनी केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ या संगणकाच्या उभारणीस आर्थिक साहाय्य केले आणि त्याच्या धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव ‘लिओ’. १९५१ च्या नोव्हेंबरात या यंत्राने बेकरीतील मालाच्या मूल्याचा हिशेब नियमितपणे करण्यास आरंभ केला. पुढे नोकरवर्गाचे पगारपत्रकही त्यावर होऊ लागले. एका माणसाच्या पगाराचा हिशेब करण्यास अनुभवी कारकुनास सुमारे आठ मिनिटे लागत. तेच काम लिओ दीड सेकंदात करी.

या यंत्रात हजारो निर्वात नळ्या होत्या. त्या तापत, वारंवार निकामी होत, आणि यंत्रासाठी एक मोठे दालन लागे. तथापि व्यापारात संगणकाचा उपयोग आहे, ही गोष्ट त्याने निर्विवाद सिद्ध केली.

यंत्र लहान होत गेले

यानंतरची प्रगती फार वेगाने झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. त्याने हळूहळू निर्वात नळ्यांना निवृत्त केले. अनेक घटक एकाच तुकड्यावर कोरण्याची युक्ती १९५८ साली जॅक किल्बी यांनी प्रत्यक्षात आणली. १९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ ही चिप बाजारात आणली. तिच्यावर २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या मोठ्या चिपवर ही संख्या हजारो कोटींच्या घरात गेली आहे. गॉर्डन मूर यांनी ही वाढ १९६५ सालीच हेरली होती. चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे त्यांचे भाकीत होते. १९७५ साली त्यांनी हा काळ दोन वर्षांचा धरला.

साठवणुकीची कथाही अशीच आहे. आयबीएम कंपनीच्या १९५६ सालच्या पहिल्या चकती-भांडारात पन्नास मोठ्या चकत्या होत्या. त्याचे वजन एक टनाच्या वर भरे आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या साधारण मोबाईल फोनमधील १२८ गिगाबाइटच्या साठ्याशी याची तुलना विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. उत्तर पंचवीस हजार पटींहून अधिक येईल.

सॉफ्टवेअरच्या इतिहासात १९६४ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्यापूर्वी नवे यंत्र घेतले की जुनी आज्ञावली बहुधा टाकून द्यावी लागे. त्या वर्षी आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ हे एकाच घराण्यातील लहानमोठ्या यंत्रांचे कुटुंब जाहीर केले. पेढी वाढली की मोठे यंत्र आणावे, आज्ञावली तीच चालावी, ही सोय त्यामुळे झाली. व्यापाऱ्याचा खरा ठेवा यंत्रात नसून आज्ञावलीत व नोंदींत आहे, हे तत्त्व येथून रूढ झाले.

आपल्या देशातील एक दाखला

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः घडवून १९६० साली कार्यान्वित केला. परंतु सामान्य माणसास संगणकाचा लाभ प्रथम जाणवला तो बहुधा रेल्वेच्या खिडकीवर. पूर्वी आरक्षणाच्या जाडजूड वह्या असत. एका गाडीची वही एकाच खिडकीवर राही, आणि त्या रांगेत तासन् तास तिष्ठावे लागे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. तरीही दिल्लीचा संगणक मुंबईच्या संगणकाशी बोलत नसे. ही उणीव ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने दूर केली. तिचा आरंभ १९९० च्या दशकात आमच्या शेजारच्या सिकंदराबादेत झाला, ही आम्हां हैदराबादकरांस अभिमानाची गोष्ट आहे. १९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. सुटे संगणक एका जाळ्यात गुंफले की त्यांची उपयुक्तता किती पटींनी वाढते, याचे याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण.

भाड्याची वखार

आता सांप्रतच्या प्रवाहांकडे वळू. पूर्वी प्रत्येक कंपनी आपला सर्व्हर आपल्याच इमारतीत ठेवी. त्यासाठी थंड खोली, वीज गेली तर बॅटऱ्या, आणि देखरेखीस माणसे लागत. परंतु तो सर्व्हर दिवसाचा बराच काळ रिकामाच बसे. एका यंत्रात अनेक काल्पनिक यंत्रे वसविण्याची युक्ती १९६० च्या दशकातच निघाली होती. ती पुढे सर्वत्र पसरली. एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत आणि प्रत्येकाची चूल वेगळी असावी, तसा हा प्रकार होय. त्यातूनच ‘क्लाउड’ची व्यवस्था उभी राहिली. २००६ साली अमेझॉनने साठवणूक आणि संगणन-शक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला. त्याच कंपनीची यंत्रकेंद्रे २०१६ साली मुंबई परिसरात आणि २०२२ साली हैदराबादेत सुरू झाली.

क्लाउड या शब्दाने फसू नये. ती माहिती आकाशात तरंगत नसते; ती कोणाच्या तरी भूमीवर, कोणाच्या तरी इमारतीत असते. शेतकरी आपले धान्य भाड्याच्या वखारीत ठेवतो, तद्वत् व्यापारी आपली वही परक्या यंत्रात ठेवतो. मात्र एक मोठा भेद आहे. धान्य चोरीस गेले, तर कोठार रिकामे दिसते. माहिती चोरीस गेली, तरी ती जागच्या जागीच दिसते. म्हणून या वखारीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, याची चौकशी अधिक बारकाईने करावी लागते.

दुसरा प्रवाह सॉफ्टवेअर भाड्याने घेण्याचा. पूर्वी ते एकदा विकत घेत. आता मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरतात. त्यामुळे सुधारणा आपोआप मिळतात, पण वर्गणी थांबली की कामही थांबते. शिवाय निर्मात्याने पाठबळ काढून घेतले, तर चालते यंत्रही असुरक्षित ठरते. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले, तेव्हा अनेक लहान दुकानदारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

तिसरा प्रवाह कृत्रिम बुद्धिमत्तेचा. चित्रे रेखाटण्यासाठी निर्माण झालेल्या चिप्स हजारो गणिते एकाच वेळी करतात, म्हणून या कामी त्या उपयोगी पडल्या. परंतु त्यांची विजेची भूक दांडगी आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज यंत्रकेंद्रांनी वापरली.

तीन प्रसंग, तीन बोध

या व्यवस्थेवर आपला किती भार आहे, हे ती मोडल्यावर कळते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या पाच मजली यंत्रकेंद्रास आग लागली. ज्यांनी आपल्या नोंदींची दुसरी प्रतही त्याच आवारात ठेवली होती, त्यांपैकी कित्येकांची माहिती कायमची गेली.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरमधील एका सदोष दुरुस्तीमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. कोणी शत्रूने हल्ला केला नव्हता. कुंपणानेच शेत खाल्ले! त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. जुनी लेखणीच त्या वेळी उपयोगी पडली.

त्याच महिन्याच्या अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा संगणकीय हल्ला झाला. तेव्हा सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार काही काळ अडले. प्रत्येक बँक वेगळी होती. पण सर्वांचा दोर एकाच खुंटीस बांधला होता.

आपण काय करावे?

यावरून संगणक नको, असा निष्कर्ष काढणे अविचाराचे होईल. वहीलाही वाळवी लागत असेच. प्रश्न दक्षतेचा आहे. जाणकारांचा एक सोपा नियम आहे: नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. यास आम्ही एक पुस्ती जोडतो. ती प्रत उघडून वाचता येते की नाही, हे अधूनमधून प्रत्यक्ष पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

त्याचप्रमाणे परकी सेवा घेताना चार प्रश्न विचारावेत. माझी माहिती कोठे राहील? ती कोण पाहू शकेल? सेवा बंद करावयाची झाल्यास ती मला परत कोणत्या रूपात मिळेल? आणि यंत्र एक दिवस बंद पडले, तर माझे दुकान कसे चालेल? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधी लिहून ठेवले, तो संकटात डगमगत नाही.

आपल्या शाळेतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी दुकान आहे, लहानसा कारखाना आहे, किंवा वडीलधारी मंडळी एखाद्या पतसंस्थेचे काम पाहतात. या सुटीत त्यांनी घरातील वडिलांशेजारी बसून हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे एका कागदावर टिपावीत. साधने पालटली, तरी चोख नोंद, दुसरी प्रत आणि सावध दृष्टी हे जुन्या मुनिमांचे तीन गुण पालटलेले नाहीत. ते गुण ज्याच्या अंगी आहेत, त्याच्या हाती लेखणी असो वा संगणक, पेढीची वही सुरक्षित राहील.