वीस मिनिटांची रेस

प्रश्न : वडिलांच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन नुकतंच बांधून घेतलं. मिस्त्रींनी नव्या कॅमशाफ्टला काजळासारखी काळी पेस्ट फासली. पुढे गाडी सुरू झाल्याबरोबर वीस मिनिटं सलग रेस देऊन ठेवली. ‘नवं इंजिन असं पिळतात का?’ म्हणून वडील शेजारी उभे राहून ओरडत होते. आता घरात दोन तट पडलेत. बरोबर कोण? आणि चेंबरमध्ये ऑइल भरलेलं असताना ही पेस्ट कशाला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मिस्त्री बरोबर. पण वडिलांना लगेच खोटं पाडू नका. त्यांच्या पिढीनं मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची पाटी लावून पहिले हजार किलोमीटर गाडी लहान बाळासारखी सांभाळली, आणि पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांच्यासाठी ते योग्यच होतं. फक्त त्या हजार किलोमीटरच्या आधीची वीस मिनिटं कॅमशाफ्टची असतात, आणि त्याला हळुवारपणा मानवत नाही.

पद्मिनीचा कॅमशाफ्ट आजच्या गाड्यांसारखा वर हेडमध्ये नसतो. तो खाली ब्लॉकच्या पोटात, क्रँकच्या शेजारी असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे आठ लोब, प्रत्येक व्हॉल्व्हला एक. लोबवर टॅपेट बसतो, टॅपेटवर पुशरॉड, आणि पुशरॉड वरचा रॉकर हलवतो. (गॅरेजात ‘टॅपेट सेट करा’ म्हणतात तेव्हा पाना रॉकरच्या स्क्रूला लागतो, खरा टॅपेट म्हणजे खाली लपलेला, सपाट बुडाचा लोखंडी पेला. या नावाच्या घोळात कितीतरी टॅपेट न बदलताच राहून गेले असतील.)

ऑइलपंप दाबानं ऑइल पोचवतो ते क्रँकच्या आणि कॅमशाफ्टच्या बेअरिंगांना. लोबपर्यंत मात्र कुठली नळी जात नाही. क्रँक फिरताना जे ऑइल भिरकावलं जातं, त्याच्या शिंतोड्यांवर लोबांची तहान भागते. आयडलिंगला क्रँक मिनिटाला सात-आठशे फेरे घेतो, तेव्हा शिंतोडे उडतात ते बेताचेच. दोन हजार फेऱ्यांना लोबांवर पाऊस पडतो. वीस मिनिटांच्या रेसचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण जरा उलटं वाटेल. व्हॉल्व्हची स्प्रिंग टॅपेटला लोबवर दाबत असते, आणि लोबचं टोक टॅपेटखाली येतं तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली असते. वेग वाढला की वर उचललेले भाग आपल्याच झोकानं वर जाऊ पाहतात, त्यामुळे टोकावरचा भार थोडा हलका होतो. इंजिन संथ असेल तेव्हा तो पुरता पडतो. म्हणजे वडील ज्याला आराम समजत होते, तीच लोबच्या टोकाची खरी परीक्षा असते.

आता पेस्ट. गोल बेअरिंगमध्ये शाफ्ट फिरता फिरता स्वतःच ऑइलचा पाचरीसारखा थर ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. लोब आणि टॅपेट यांची गाठ पडते ती एका बारीक रेघेइतक्या जागेत, आणि तिथला दाब चौरस सेंटिमीटरला हजारो किलोंच्या घरात जातो. तिथून ऑइल पिळून बाहेर पडतं. नव्या पृष्ठभागांवर तासकामाचे सूक्ष्म उंचवटे असतात, ते थेट एकमेकांवर घासतात. काळी पेस्ट म्हणजे बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात. वरून कितीही दाबा, चुरडत नाहीत. आडवा रेटा आला की पत्ते सरकतात. ऑइल पोचेपर्यंतचे पहिले काही सेकंद लोखंड आणि लोखंड यांच्या मध्ये उभं राहणारं तेवढं एकच असतं. शिवाय ती चिकट असते. इंजिन बांधून गाडी महिनाभर पडून राहिली तर नुसतं ऑइल ओघळून खाली जातं, पेस्ट जागेवर राहते.

पेस्टनंतरची राखण ऑइलमधलं एक रसायन करतं. नाव लांबलचक आहे, झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. गॅरेजात नुसतं ‘झिंक’. १९४० च्या दशकात ते ऑइलमध्ये घालू लागले ते ऑइल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंग गंजू नयेत म्हणून. झीज कमी होते हे मागाहून ध्यानात आलं. घर्षणाच्या उष्णतेनं त्यातून लोखंडावर काचेसारखा पातळ थर तयार होतो. तो झिजतो आणि पुन्हा तयार होतो. अडचण अशी की त्यातला फॉस्फरस धुरातून गेला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढच्या काळातल्या पेट्रोल ऑइलांत फॉस्फरसचं प्रमाण साधारण ०.१२ टक्क्यांवरून ०.०८ टक्क्यांवर आलं. नव्या गाड्यांना त्यानं काही बिघडत नाही. तुमच्या पद्मिनीला कन्व्हर्टर नाही आणि टॅपेट सपाट आहेत, तेव्हा शेल्फवरचं सगळ्यात महाग, सगळ्यात पातळ सिंथेटिक ऑइल तिला घालू नका. जुने मिस्त्री अशा गाड्यांत डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू४० घालतात त्याला आपण हसतो. पण त्यात झिंक सहसा जास्त असतं.

पेस्ट फासण्याआधीचं काम कमी दिसतं, पण घोळ तिथेच होतात. नवा कॅमशाफ्ट खोक्यातून येतो तो गंजरोधक चिकट लेप घेऊन, आणि त्या लेपाला धूळ बसलेली असते. रॉकेलनं धुवायचा, भोकं असतील तर हवा मारायची, सूत न सुटणाऱ्या फडक्यानं पुसायचा. चिंधीचा दोराही आत जाता कामा नये. लोबांवर करडा-काळपट फॉस्फेटचा लेप असतो. तो मळ समजून पॉलिशपेपर मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो लेप सच्छिद्र असतो, ऑइल धरून ठेवतो. घासला की कामातून गेला. पेस्ट लावायची ती लोबांवर, टॅपेटच्या बुडाला आणि डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या तिरक्या दात्यांना. जर्नलवर (म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांवर) आणि टॅपेटच्या कडेला साधं इंजिन ऑइल पुरे. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस अजिबात नको. पेस्ट ऑइलमध्ये मिसळून जाते, ग्रीसचा साबण गोळे होऊन फिल्टरपर्यंत जातो. आत सरकवताना शाफ्टच्या तोंडाला लांब बोल्ट लावून तो मुठीसारखा धरावा. लोबची कड मऊ बेअरिंगला लागली तर ओरखडा उठतोच.

आणि टॅपेट नवेच हवेत. इथे मी स्वतः पैसे वाचवायला गेलो होतो. माझ्या जुन्या गाडीत नवा कॅमशाफ्ट टाकून गॅरेजवाल्यानं जुनेच टॅपेट बसवले, आणि मीही मान डोलावली. आठवडाभरात टकटक सुरू झाली. खोललं तेव्हा एक लोब अंड्याचा जवळजवळ गोटी झाला होता. याचं कारण फार सुंदर आहे. सपाट दिसणारं टॅपेटचं बूड सपाट नसतंच, किंचित फुगीर असतं. दोन नवे टॅपेट बुडाला बूड लावून उजेडासमोर धरा, कडेला फट दिसेल. लोबलाही केसभर उतार दिलेला असतो. त्यामुळे लोब टॅपेटला नुसता वर ढकलत नाही, दर फेऱ्याला थोडा फिरवतोही, आणि झीज एका जागी न पडता सगळीकडे वाटली जाते. जुन्या टॅपेटचं बूड त्याच्या जुन्या लोबाप्रमाणे झिजून खोलगट झालेलं असतं. नव्या लोबावर तो फिरत नाही. न फिरणारा टॅपेट लोब खातो. हा कॅमशाफ्ट बिडाचा असतो, तुमच्या घरच्या तव्यासारखा, आणि त्याचा कडकपणा वरच्या थरात असतो. तो थर एकदा फुटला की खालचं बीड भराभर जातं.

आता सुरू करण्याचं. सेल्फ मारत राहिलात तर ऑइल यायच्या आधीच पेस्ट पुसली जाते. म्हणून गाडी पहिल्या झटक्यात लागेल अशी तयारी हवी: टायमिंग जुळलेलं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल, रेडिएटर भरलेला, फिल्टरमध्ये आधीच ऑइल ओतलेलं. प्लग काढून थोडा थोडा सेल्फ मारून दाबाचा लाल दिवा विझवून घ्यायचा, मग प्लग लावायचे. लागल्याबरोबर दोन ते अडीच हजार फेरे, थोडे खालीवर करत, वीस मिनिटं. हिशेब करा: क्रँकचे दोन हजार म्हणजे कॅमशाफ्टचे एक हजार, म्हणजे वीस मिनिटांत प्रत्येक लोब आपल्या टॅपेटखालून वीस हजार वेळा जातो. तेवढ्यात दोघांचे उंचवटे एकमेकांना जुळतात. मध्येच पाणी गळालं किंवा गाडी तापली, तर बंद करा, दुरुस्त करा, आणि उरलेली मिनिटं पूर्ण करा. आयडलिंगला ठेवून पाना शोधत बसू नका.

त्यानंतर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावं. उतरलेलं ऑइल काळं दिसेल, ती पेस्ट आहे. चकाकणारे कण दिसले तर मात्र मिस्त्रींना बोलवा.

प्रश्न : माझ्या शंभर सीसी बाईकचा कॅमशाफ्ट बदलायचा आहे. तिलाही वीस मिनिटं रेस द्यायची का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. तुमचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असतो आणि लोबांवर थेट रॉकर चालतात. टॅपेट गोल फिरवण्याचा खेळच नाही. ऑइल वर पोचायला मात्र क्षणभर लागतो, म्हणून लोबांवर आणि रॉकरच्या तोंडांवर ऑइल भरपूर ओता, आणि इंजिन लागल्यावर लगेच मूठ पिळू नका. रॉकरची तोंडं नखानं चाचपून बघा. खड्डा लागला तर रॉकरही नवे घ्या. दुकानदार ‘चालतील अजून’ म्हणेल. तो पुढच्या वेळचं गिऱ्हाईक राखून ठेवत असतो.